व्हर्ना कुबियाकची चिठ्ठी

व्हर्ना कुबियाकने माझ्यासमोर एकदाच कुणाची तोंड भरून स्तुती केली, आणि तीही एका वजनकाट्याची. "पन्नास वर्षं टांगलाय," ती म्हणाली, "पण कुणाचं तोंड बघून कधी झुकला नाही." माणसांपैकी कुणाविषयी ती असं बोलल्याचं मी ऐकलं नाही. नवऱ्याविषयीसुद्धा नाही.

तळ्यात होड्या उतरवायचा जो उतार आहे, त्याला लागून तिचं दुकान होतं. गळाला लावायची गांडुळं, बर्फ, बिअर, लोकरीचे हातमोजे, आणि कोपऱ्यात सकाळपासून उकळून डांबर झालेली कॉफी. दुकानामागे दोन उंच खांबांवर एक आडवा वासा होता. शिकारीच्या मोसमात लोक आपापली हरणं तिथे आणत. व्हर्ना हरीण आकड्याला लावून वजन करायची, शिंगांची टोकं मोजायची, जखमेत बोट घालून बघायची आणि पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर जाड पेन्सिलीने लिहायची: कुणी मारलं, कशाने मारलं, किती भरलं. चिठ्ठी शिंगाला बांधली की हरीण वाशाला लागायचं. ते खाली उतरेपर्यंत चिठ्ठीला कुणी हात लावायचा नाही, हा वाशाचा नियम. चिठ्ठीची दुसरी प्रत ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. सरकारी नोंद हल्ली लोक फोनवरूनच करतात. त्या नोंदीला गावात कुणी विचारत नाही. "व्हर्नाने काय लिहिलं?" एवढंच विचारतात.

तिचा नवरा स्टॅन एका वर्षी भलंमोठं हरीण घेऊन आला. येता येता वाटेतल्या तीन गुत्त्यांमध्ये "दोनशे पौंड" सांगून झालं होतं. व्हर्नाने लिहिलं, एकशे चौसष्ट. स्टॅन नऊ दिवस तिच्याशी बोलला नाही. "फार निवांत गेले ते नऊ दिवस," ती सांगायची. पुढे स्टॅन वारला. चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच खात त्याचे दोस्त त्याच्या गोष्टी सांगत बसले होते, आणि दर गोष्टीनंतर कुणीतरी म्हणत होतं, "हे खरं की खोटं देव जाणे, पण एकशे चौसष्ट मात्र खरं!" व्हर्ना त्या दिवशी एकदाच रडली, ती तेव्हा.

मी त्या काळी तळ्यापलीकडच्या जुन्या कोठारात चालणाऱ्या उन्हाळी नाटक कंपनीत राजे, खुनी आणि पाद्री करत असे. काय दिवस होते! छपरातून पाकोळ्या उडायच्या, आणि माझ्या मरणाच्या प्रवेशाला पहिल्या तीन रांगा रुमाल काढायच्या. व्हर्ना चौथ्या रांगेत बसायची. माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी भूमिका झाली त्या दिवशी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ही बाई आत रंगपटात आली आणि म्हणाली, "दाढी डावीकडून सुटली होती तुझी." कंपनी बुडाली, नट पांगले, कोठाराचं गोदाम झालं. मी मात्र इथेच राहिलो, आणि सकाळची कॉफी तिच्या दुकानात पिऊ लागलो. खरं सांगणारा एक प्रेक्षक मिळाला की नट गाव सोडत नाही.

तर त्या वर्षी राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलची निवडणूक होती. गव्हर्नरच्या निवडणुकीत आमचे लोक भावाभावांत बोलणं टाकतात. अ‍ॅटर्नी जनरलच्या निवडणुकीत जांभया देतात. अख्ख्या राज्याचा सरकारी वकील निवडायचा, पण मतपत्रिकेवर ते नाव खाली कुठेतरी असतं, आणि लोक तिथे पोहोचेपर्यंत हात आपोआप चालत असतो. हे ज्याला पुरतं कळलं होतं असा एक इसम त्या वर्षी उभा होता: विन्स्टन ड्रेसेल. राजधानीतला वकील. आमच्या राज्याच्या जत्रेत दरवर्षी लोण्याची गाय घडवतात. त्याच हातांनी उरलेल्या लोण्यात याचा चेहरा केला असावा. आधी ओठ हसायचे, डोळ्यांना निरोप मागून जायचा. अंगणाअंगणात त्याच्या पाट्या लागल्या होत्या: "कायदा म्हणजे कायदा." समोर एक बाई उभी होती. तिच्याविषयी मी वाईट बोलत नाही, कारण ती आमच्याकडे आलीच नाही.

ड्रेसेलला मात्र उत्तरेकडची मतं हवी होती, आणि उत्तरेकडे जो माणूस हरीण मारत नाही त्याला लोक आजारी समजतात. याने आयुष्यात हरीण पाहिलं असेल तर ताटात.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी आर्लो पेल्टोनेनने बाराटोकी नर आणला. आर्लो शाळेची बस चालवायचा. वर्षाकाठी शंभरेक शब्द बोलणारा माणूस. आमच्याकडे ऑक्टोबर धनुष्यबाणाचा; बंदुका निघतात त्या नोव्हेंबरच्या शेवटी. आर्लो त्या हरणामागे चार वर्षं होता. व्हर्नाने वजन केलं, दोनदा केलं, आणि लिहिलं: "आर्लो पेल्टोनेन. बाणाने. १८७ पौंड." गाव बघायला लोटलं. आर्लो टोपी हातात घेऊन उभा होता, कान लाल झालेले. सगळ्यांचे फोटो काढून झाल्यावर तो म्हणाला, "बरं मग." त्या दिवशीचं ते त्याचं भाषण.

दुपारी डेनी क्रोल आला. डेनी काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, बोर्डाचा अध्यक्ष. तीस वर्षं हा गृहस्थ राजधानीहून येणाऱ्या प्रत्येकाच्या गाडीचं दार उघडत आला होता. दारामागून काही मिळेल ही आशा. मिळाली काय, तर सह्या केलेली छायाचित्रं.

"व्हर्ना, सोमवारी ड्रेसेल येतोय," तो हात चोळत म्हणाला. "इथे! तुझ्या वाशापाशी! हरणाबरोबर फोटो काढणार."

"काढू दे की. हरीण काही तक्रार करणार नाही."

"नाही, म्हणजे... हरीण त्याचं म्हणून."

व्हर्नाने कॉफीची किटली खाली ठेवली. "त्याचं कसं?"

"आर्लोशी बोललोय मी. त्याची काही हरकत नाही. काय रे आर्लो?"

आर्लो दारात उभा होता. बसचं कंत्राट डेनीच्या मेव्हण्याकडे होतं, हे दारालाही माहीत होतं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मला काय. घेऊ देत."

"झालं तर!" डेनी म्हणाला. "फक्त चिठ्ठी तेवढी बदल. वजन तेच ठेव, त्यात कुणाचं काय जातंय? नाव बदलायचं, बस."

"हरीण आर्लोचं आहे," व्हर्ना म्हणाली. "तो ते ड्रेसेलला देऊ दे, नाहीतर तुझ्या गळ्यात बांधू दे. चिठ्ठी माझी आहे."

"अगं, पुठ्ठ्याचा तुकडा तो!"

"मग दुसऱ्या पुठ्ठ्यावर लिही की. घरी पुष्कळ असेल तुझ्या. गेल्या निवडणुकीच्या पाट्या पडल्यात ना?"

डेनीचा आवाज मऊ झाला. मऊ झालेल्या डेनीपासून जपावं. "व्हर्ना, उताराकडची ही जागा काउंटीची आहे, ठाऊक आहे ना तुला? भाडेपट्टा डिसेंबरात बोर्डापुढे येतोय. मी काही म्हणत नाही. तुझ्या वयात लोक सगळं आवरून मुलीकडे राहायला जातात, एवढंच."

"मला मुलगी नाही, डेनी."

"तेच तर म्हणतोय मी."

तो गेला. एकाहत्तर वर्षांची ही बाई दुकानात एकटी राहायची, वरच्या दोन खोल्यांत. दुकान गेलं तर गांडुळं, काटा, वासा आणि डोक्यावरचं छप्पर एकदमच जाणार होतं.

मला हे सांगायला लाज वाटते, पण रविवारी मी तिला म्हणालो, "व्हर्ना, लिहून टाक. एक वाक्य आहे. मी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं बोललो, मेलो का?"

ती गांडुळांच्या डब्यांना भोकं पाडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू खोटी दाढी लावायचास, तेव्हा समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं ती खोटी आहे म्हणून. तरी बघत होतो आम्ही. याची दाढी मी खरी म्हणून लिहून द्यायची? मग उद्या माझ्या काट्यावर स्टॅनचे एकशे चौसष्ट तरी खरे राहतील का रे?"

मला पुढचं वाक्य सुचवायला तिथे प्रॉम्प्टर नव्हता.

सोमवारी दुपारी ड्रेसेल अवतरला. तीन गाड्या, एक फोटोवाला, कानाला फोन चिकटलेली एक मुलगी. मी जन्मात वाईट नट खूप पाहिले. दारू पिऊन आलेले पाहिले, दुसऱ्याच नाटकाचे संवाद म्हणणारे पाहिले, पण इतकी वाईट वेशभूषा पाहिली नव्हती. जाकीट इतकं नवं, की पाठीवर दुकानातल्या घडीची रेघ होती. बूट करकर वाजत होते. त्यांनी चिखल हा शब्दही ऐकला नव्हता. बेंबीएवढा चिखल तुडवून हरीण ओढून आणल्याचा आविर्भाव, आणि नखांना पॉलिश. आमच्या कंपनीत झाड म्हणून उभा राहणारा पोरगादेखील आधी बुटांना माती फासायचा.

आणि हातात बंदूक.

होय, बंदूक. डेनीच्या कपाटातली नव्हती. राजधानीहून आणली होती. ऑक्टोबरात! बाणाने मारलेल्या हरणाशेजारी! भोवती साठ-सत्तर माणसं होती, आणि प्रत्येकाने ते एकाच क्षणी पाहिलं. कॉफीचे कप ओठांवर गेले ते तिथेच राहिले. आता आमच्या लोकांची रीत अशी, की पाहुण्याची चूक पाहुण्याच्या तोंडावर दाखवायची नाही. तो गेल्यावर अख्ख्या काउंटीला दाखवायची. त्यामुळे सगळे गप्प. मी डेनीकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडलं. मग मिटलं. तीस वर्षं जी जीभ फक्त चाटायला वापरली, ती अशा वेळी दुसऱ्या कामाला वळत नाही.

"ही ती प्रसिद्ध व्हर्ना!" ड्रेसेलने तिचा हात धरून हलवला. "काय म्हणतेस, तरुणी?"

"तरुणी म्हणते, चिठ्ठी बदलणार नाही."

"चिठ्ठी?" त्याने मुलीकडे पाहिलं. मुलीने डेनीकडे. डेनी त्याच्या कानाशी लागला. "अच्छा, ती! काढून ठेवा ना बाजूला."

"हरीण उतरेपर्यंत चिठ्ठी निघत नाही," व्हर्ना म्हणाली. "नियम आहे इथला. तुमच्या पाटीवरही काहीतरी तसंच लिहिलंय ना?"

मागे कुणीतरी खोकलं. ड्रेसेलचे ओठ हसले. डोळे वाटेत होते. "मी पुढे उभा राहतो. खांद्याआड जाईल. चला, प्रकाश चांगला आहे."

तो बंदूक छातीशी धरून हरणाला टेकला. तेव्हा एकटी व्हर्ना बोलली. मी शपथेवर सांगतो, तिने सांगितलं. "वकीलसाहेब, ती बंदूक गाडीत ठेवा. ऑक्टोबर चालू आहे."

"घाबरू नकोस गं," तो मोठ्याने हसला, "गोळी भरलेली नाहीये!"

व्हर्नाने एकदा त्याच्याकडे, एकदा फोटोवाल्याकडे पाहिलं. "काढा बाबा," ती म्हणाली, आणि गांडुळं मोजायला आत गेली.

दोन आठवड्यांनी तो फोटो गुळगुळीत कार्डावर छापून राज्यातल्या प्रत्येक घरी टपालाने पोहोचला. वर "कायदा म्हणजे कायदा". खाली ड्रेसेल, बंदूक, हरीण, आणि ठळक अक्षरांत: "आपल्यातलाच एक शिकारी. ऑक्टोबरच्या सकाळी, उत्तरेच्या जंगलात." खांद्यामागून पुठ्ठ्याचा एक कोपरा डोकावत होता. त्यावर जाड पेन्सिलीचा एकच शब्द दिसत होता: "बाणाने."

त्या आठवड्यात आमच्याकडे जे हसणं झालं, तसं मी माझ्या उत्तमोत्तम प्रहसनांतही मिळवलं नाही. शुक्रवारच्या तळलेल्या माशांच्या गावजेवणाला लोकांनी ते कार्ड टेबलावर मिठाच्या बाटलीला टेकवून ठेवलं होतं. वर्तमानपत्रांनी सरळ प्रश्न विचारला: राज्याचा सर्वांत मोठा वकील होऊ पाहणाऱ्या माणसाने बंदीच्या महिन्यात बंदुकीने हरीण मारलं का? शिकार खात्यात दीडशे तक्रारी गेल्या.

आणि मग डेनी पुन्हा दुकानात आला. या वेळी हात चोळत नव्हता. टोपी चुरगाळत होता.

"व्हर्ना, ती चिठ्ठी आहे का गं? आर्लोची?"

"डब्यात प्रत आहे. का?"

"ड्रेसेलच्या माणसांना हवी आहे. म्हणजे... त्याने हरीण मारलंच नाही, हे दाखवायला."

व्हर्नाने पेन्सिल कानामागे खोचली. "म्हणजे त्या सोमवारी त्याने मारलं असं लिहायचं होतं, आणि आज मारलं नाही असं?"

"तसंच काहीसं."

"आणि मी तेव्हा तू सांगितलं तसं लिहिलं असतं तर?"

मी मध्ये तोंड घातलं, "देऊ नकोस! नाक घासत येऊ दे त्याला!" नाटकात काम केलेल्या माणसाला सूड फार आवडतो, तिसऱ्या अंकात तो लागतोच.

व्हर्नाने डबा काढला, चिठ्ठी शोधली आणि डेनीच्या हातात ठेवली. "खरी आहे ती," ती म्हणाली. "ज्याला हवी त्याने बघावी. त्या गाढवानेसुद्धा."

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर ड्रेसेल ती चिठ्ठी उंच धरून उभा होता. "माझ्या विरोधकांनी माझ्यावर चिखलफेक केली! हा पुरावा पाहा! हे हरीण मी मारलं असं मी कधीही म्हटलेलं नाही!" आवाजात कंप होता. घडीची रेघ अजून जाकिटावर होती. एका प्रामाणिक बाईच्या हातची पेन्सिल त्याच्या बोटांत होती, आणि ती बाई कोण हे सांगायचं त्याला सुचलंही नाही. चिठ्ठी त्याने परतही केली नाही.

निवडणुकीच्या दिवशी अग्निशमन केंद्रात बंब बाहेर काढून मतदानाची टेबलं मांडली होती. व्हर्नाने मत दिलं, कोटावर "मी मत दिलं" लिहिलेला कागद चिकटवून घेतला आणि दुकान उघडलं. आमच्या काउंटीत ड्रेसेल आपटला. राज्यात तो निवडून आला. दक्षिणेकडच्या मोठ्या शहरांत ऑक्टोबर आणि नोव्हेंबर यांत लोकांना एवढाच फरक कळतो, की ऑक्टोबरात दारात कोरलेला भोपळा असतो. शिवाय मतपत्रिकेवर नाव खाली होतं. कायदा म्हणजे कायदा! आज त्याची तसबीर न्यायालयाच्या जिन्यात लागली आहे, आणि तीही वाकडी आहे.

डिसेंबरात बोर्ड बसलं. भाडेपट्ट्याचा विषय चार मिनिटं चालला. डेनीने व्हर्नाच्या सेवेबद्दल आभाराचा ठरावही मांडला, तिच्याकडे न बघता. सात हात होते. पट्टा नाकारायला पाच वर गेले. त्या पाचांपैकी चौघांची हरणं तिच्या वाशाला लागलेली मी पाहिली होती. उरलेला एक शाकाहारी आहे, त्याला मी तेवढी सूट देतो.

वसंतात दुकान पाडलं. त्या जागी गाड्या लावायला फरशी केली. व्हर्ना चर्चमागच्या छोट्या भाड्याच्या घरात गेली. बिऱ्हाड म्हणजे चार खोकी आणि तो काटा. काटा तिने माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "टेकू नकोस त्याला." उन्हाळाभर ती फारशी बाहेर दिसली नाही. सकाळी मी जायचो तेव्हा कॉफी तशीच डांबरासारखी असायची. वाशाविषयी ती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, पडदा पडला.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी आर्लो आला. बसच्या टपावर दोन खांब आणि एक आडवा ओंडका बांधलेला. कुणाला न विचारता त्याने तिच्या मागच्या अंगणात खड्डे खणले. दुपारपर्यंत नऊ माणसं आली, संध्याकाळपर्यंत रांग रस्त्यावर गेली. व्हर्ना दारात उभी राहून ओरडली, "माझ्या बटाट्यांच्या वाफ्यावरून कुणी हरीण ओढलं तर त्याचंच वजन करीन!" मग आत गेली आणि पेन्सिल घेऊन आली.

नोव्हेंबरच्या शेवटी, बंदुकांच्या मोसमातल्या दुसऱ्या दिवशी, रांगेत डेनी क्रोल उभा होता. दरम्यान बोर्डाने उतारापाशी, गाड्यांच्या फरशीच्या टोकाला, नवा चकचकीत काटा बसवला होता. आकडे लाल दिव्यांत दिसायचे. त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. डेनी मात्र आधी तिथे जाऊन आला होता, आणि तिथला आकडा म्हणून गुत्त्यात त्याचं एकशे नव्वद सांगून झालं होतं. कुणी वाद घातला नाही. एकाने फक्त विचारलं, "व्हर्नाने किती लिहिलं?"

रांगेत त्याला पुढे सोडायला कुणी तयार नव्हतं. तो पाऊण तास थंडीत उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा अंगणातले लोक पुढे सरकले. व्हर्नाने हरीण आकड्याला लावलं, काटा स्थिर होईपर्यंत थांबली, जखमेत बोट घातलं.

"स्वतः मारलंस?"

"हो."

"कशाने?"

"बंदुकीने. व्हर्ना, नोव्हेंबर आहे आता."

"ठाऊक आहे मला. महिना माझ्या ध्यानात असतो." तिने लिहिलं, चिठ्ठी शिंगाला बांधली आणि दोरी ओढायला आर्लोला खूण केली.

डेनीने वाकून वाचलं. मान खाली घालून तो रांगेबाहेर गेला.

मी जवळ जाऊन पाहिलं. जाड पेन्सिलीने लिहिलं होतं: "डेनिस क्रोल. बंदुकीने. स्वतः मारलं. ११८ पौंड."

"एकशे अठरा?" मी हळूच विचारलं. "थोडं जास्त लिहिलं असतंस तरी चाललं असतं गं. एवढा वेळ उभा होता बिचारा."

"पुढचा!" व्हर्ना ओरडली.